लेथपाशी एक मिनिट

कौमुदीचं घोडं एका बुशपाशी अडलं होतं. माइक होता, माइक धरायची लांब काठी होती, पण काठीच्या टोकाचे आटे बारीक आणि माइकच्या क्लिपचे आटे मोठे. दोघांच्या मध्ये बसेल असा बोटाच्या पेराएवढा पितळी बुश अख्ख्या बडोद्यात एकाही दुकानात मिळेना. "ऑनलाइन मंगावी लो, बेन," असं तिसऱ्या दुकानदाराने सांगितल्यावर तिने स्कूटी सरळ मकरपुऱ्याच्या कारखान्यांकडे वळवली. जानेवारीची तीन तारीख होती, आणि तिची फिल्म एकतीसच्या आत पोचायला हवी होती.

पोचायची कुठे, तर पार चेक देशातल्या एका फिल्मशाळेत. दिग्दर्शनाचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम, आणि परदेशी विद्यार्थ्यांसाठी जागा फक्त सहा. अर्जासोबत पाच मिनिटांची फिल्म मागितली होती - एका माणसाच्या कामावर. संवाद नाही, संगीत नाही, फक्त त्या जागेचे आवाज. नागरवाड्यातल्या आपल्या खोलीत बसून लोकांच्या लग्नांचे व्हिडिओ कापण्या-जोडण्यात, या शाळेची वाट बघत, कौमुदीची चार वर्षं गेली होती. संगीत नको, हे वाचूनच तिला हुरूप आला होता. माणूस मात्र अजून सापडला नव्हता.

कुणीतरी पत्ता दिलेलं वर्कशॉप बंद होतं. शेजारच्या शेडचं शटर अर्धं उघडं होतं आणि आतून धातू कातायचं लेथ मशीन चालल्याचा आवाज येत होता. कौमुदी वाकून आत शिरायला आणि आतून कुणीतरी वाकून बाहेर यायला एकच गाठ पडली.

"अगं आई गं -"

कपाळ चोळत ती सरळ झाली. समोरचाही कपाळ चोळत होता. निळा एप्रन, हातांना ग्रीस, आणि आता कपाळालाही.

"मराठी का?" त्याने विचारलं. "जास्त लागलं नाही ने?"

"लागलं. पण तुम्ही आटे पाडून देणार असाल तर तक्रार नाही."

त्याने हात पुढे केला. तिने काठी आणि क्लिप त्याच्या हातात ठेवली. त्याने दोन्ही उजेडात धरून पाहिली.

"ही इंचातली आहे आणि ही मिलिमीटरमधली. या दोघांचं आपापसात जमायचं नाही."

"म्हणून तर मध्यस्थ शोधत आलेय."

तो हसला नाही, पण हसू दाबल्याचं तिला दिसलं. त्याचं नाव गजेंद्र मोहिते. शेडवर पाटी होती 'लक्ष्मण इंजिनिअरिंग वर्क्स', आणि लक्ष्मणराव म्हणजे त्याचे वडील, भिंतीवरच्या फोटोत, चंदनाच्या हारात. आत चार मशीनं आणि चार कारागीर. गजेंद्र सगळ्यात मागच्या, सगळ्यात जुन्या लेथपाशी गेला. पितळेची कांडी लावली, आणि सोनेरी कीस भुरभुर खाली पडायला लागला. बुश तयार झाल्यावर त्याने तो पुसला, डोळे मिटले आणि अंगठ्याचं नख त्यावरून हळूच फिरवलं.

"नखाने काय बघताय?"

"डोळ्याला दिसत नाही ते नखाला कळतं. कुठे खरखर राहिली असेल तर अडकतं ते." त्याने पुन्हा एकदा नख फिरवलं. "बाबांची सवय."

त्या मिटलेल्या डोळ्यांकडे बघताना कौमुदीला कळलं की आपला माणूस सापडला. आता कळलं ते फक्त फिल्मपुरतंच होतं का, हे तिने स्वतःला विचारलं नाही. आपण कशाला विचारा.

"काय द्यायचं?" तिने विचारलं.

"काही नको. कपाळं आपटली, त्यात फिटलं."

"मग आणखी एक मागू? मला तुमच्यावर फिल्म करायचीय."

"माझ्यावर? मी काय हिरो आहे?"

"हिरो नकोच आहे. हिरो कामं करत नाहीत."

या वेळी मात्र तो हसला.

*

शूटिंगच्या पहिल्याच दिवशी घोटाळा झाला. दुपारच्या रिसेसच्या आधी कौमुदीला त्या जागेचा मोकळा आवाज हवा होता. फिल्मवाल्यांची ही रीतच असते. ज्या जागी शूटिंग होईल, तिथे शेवटी एक मिनिट सगळं बंद करायचं, कुणी बोलायचं नाही, हलायचं नाही, आणि उरलेली शांतता टिपून घ्यायची. कारण प्रत्येक जागेची शांतता वेगळी असते, आणि जोडकामात तीच लागते. एवढं सगळं समजावून सांगायचं सोडून कौमुदी चौघांना नुसतं म्हणाली, "मशीन बंध करो ने. बधा एक मिनिट शांत ऊभा रहेजो."

मशीनं थांबली. पंखे थांबले. चौघंही जागच्या जागी ताठ उभे राहिले. सगळ्यात वयस्कर अंबुकाकांनी डोक्यावरची टोपी काढली, हात जोडले आणि मान खाली घातली. त्यांचं पाहून बाकीच्या तिघांनीही हात जोडले. कौमुदीला हसू आलं, पण माइक चालू होता. तिने ओठ दाबून धरले आणि हेडफोनमध्ये ऐकायला लागली. शेजारच्या शेडमधल्या प्रेसचा धप्प... धप्प... आवाज. पत्र्यावर कबुतराची पावलं. थंड होत जाणाऱ्या लोखंडाची बारीक टकटक.

आणि मग, माइकच्या अगदी जवळून, एक हुंदका. दाबलेला, अर्धाच.

माइक जुन्या लेथपाशी होता. लेथपाशी गजेंद्र होता, तिच्याकडे पाठ करून, एक हात मशीनवर ठेवून. कौमुदीचं हसू कुठल्या कुठे गेलं.

मिनिट संपलं. अंबुकाकांनी टोपी घातली आणि कुणीतरी वारलं असणार अशा समजुतीने हलकेच विचारलं, "कोण गुजरी गयुं, भई?"

खरा प्रकार कळल्यावर चौघंही पोट धरून हसले. गजेंद्रही हसला. रिसेसमध्ये कारागीर डबे घेऊन बाहेर गेले तेव्हा मात्र तो तिथेच स्टुलावर बसून राहिला.

"बाबा मे महिन्यात गेले," तो म्हणाला. "मंगळवारी संध्याकाळी नेलं त्यांना. बुधवारी सकाळी मी शटर उघडलं. पंपांचे शाफ्ट द्यायचे होते, कबूल केलेले. आई म्हणाली, त्यांनीही हेच केलं असतं. ह्या लेथला मीच चालू केलं. नंतर ते राहूनच गेलं... असं कुणी उभं राहणं. आज तुमच्या चुकीने झालं."

"मला माहीत नव्हतं हो."

"बरंच झालं ने. माहीत असतं तर केलं नसतं कुणी."

हुंदका आपल्याला ऐकू आला, हे कौमुदी त्याला सांगणार होती. सांगायलाच हवं होतं. पण तो पाण्याचा ग्लास घेऊन आला, कपाळावरचं टेंगूळ उतरलं का म्हणून विचारायला लागला, आणि सांगायचं राहून गेलं.

*

पुढचे पंधरा दिवस ती रोज दुपारी मकरपुऱ्याला जायची. उत्तरायणाच्या दिवसांत शेडच्या वरच्या तारांत कापलेले पतंग अडकून पडले होते, आणि शूटिंग संपलं की त्या पतंगांखाली दोघं चहा प्यायची. रोज शेवटी ते एक मिनिट असायचं. कधी शेडमध्ये, कधी मालाच्या खोलीत, एकदा त्याच्या घरच्या गच्चीत, जिथे त्याची आई निवडलेले तीळ सुपात घेऊन खांबासारखी स्तब्ध बसली होती. चहाच्या टपरीवर तर टपरीवाल्याने गॅस बंद करायला साफ नकार दिला, म्हणून तिथली शांतता उकळत्या दुधासकट टिपावी लागली.

आता एक मिनिट हलायचं नाही, बोलायचं नाही म्हटल्यावर माणूस बघणार कुठे? पहिले दोन-तीन दिवस गजेंद्र जमिनीकडे बघायचा आणि कौमुदी रेकॉर्डरच्या आकड्यांकडे. मग एकदा दोघांनी एकदमच मान वर केली. साठ सेकंद हा काळ तसा काही मोठा नाही. पण कुणाच्या डोळ्यांत बघत मोजून बघा.

"आज मिनिट लांब होतं," नंतर तो म्हणाला.

"नव्हतं. साठच सेकंद."

"मग उद्या नव्वद करा. तुमच्या शाळेला जास्त लागली शांतता तर?"

"शाळेला पुरेल एवढी झालीये."

"म्हणजे आता कुणासाठी चाललंय?"

कौमुदीने काठी दुमडली. बुश घट्ट बसला होता, तरी तिने तो उगाच फिरवून पाहिला. "बोलू नका. माइक चालू आहे," ती म्हणाली. माइक बंद होता, हे दोघांनाही दिसत होतं.

घरी फिल्म जोडायला बसल्यावर तिच्या एक गोष्ट ध्यानात आली. फिल्म चांगली झाली होती. पण तिला उभी करणारा क्षण एकच होता, तो पहिल्या दिवशीचा. तिने शेवटी पडदा काळा केला आणि त्यावर ते अख्खं मिनिट ठेवलं. प्रेसचा धप्प आवाज, कबुतर, लोखंडाची टकटक... आणि मग तो हुंदका. आदल्या चार मिनिटांतला प्रत्येक आवाज त्या हुंदक्यापाशी येऊन पोचत होता. हे बघून शाळा आपल्याला घेणार, याची तिला खात्रीच पटली. विचारावं लागेल, असं एकदा मनात आलं. ते तिने बाजूला सारलं. त्याला आवडेलच, असं तिने स्वतःचं स्वतःच ठरवून टाकलं.

*

एकोणतीस तारखेला, रिसेसमध्ये, तिने वर्कशॉपमध्येच फिल्म दाखवली. टेबलावर लॅपटॉप, शेजारी मोठा स्पीकर. चौघं कारागीर डबे मांडीवर घेऊन बसले. गजेंद्र मागे, जुन्या लेथला टेकून उभा. स्वतःचे हात एवढे मोठे झालेले पाहून अंबुकाका खूश झाले. "वाह, बेन," ते दोनदा म्हणाले.

मग पडदा काळा झाला. धप्प... धप्प... कबुतराची पावलं.

कौमुदी गजेंद्रकडे बघत होती. त्याला आधी काही कळलं नाही. मग कळलं. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला, आणि हुंदका येण्याच्या ऐन आधी त्याने मागे हात नेऊन लेथ चालू केला. शेड त्या घरघरीने भरून गेली. स्पीकरमधलं कुणालाच काही ऐकू आलं नाही.

"रिसेस संपली," तो म्हणाला. "चला."

कारागीर गोंधळून उठले. कौमुदीने लॅपटॉप मिटला. तिला खूप बोलायचं होतं, पण लेथच्या आवाजात बोलणार कसं? आणि तो लेथ काही बंद करेना. कांडी न लावताच ते मशीन नुसतं फिरत होतं. ती शटरखालून वाकून बाहेर पडली.

घरी तिने आईला सगळं सांगितलं. निरुपमाबाई मराठी शाळेत मास्तरीण. तिच्या परदेशी जाण्याला घरात पहिला होकार त्यांचाच होता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मग हातातल्या वह्या बाजूला ठेवल्या.

"फिल्म चांगली झालीये?"

"त्या मिनिटामुळे झालीये, आई. ते काढलं तर... काही उरत नाही."

"मग ठेव."

"तू असं म्हणतेस?"

"तुला तेच ऐकायचंय ना माझ्या तोंडून? कौमुदी, कुणाच्या घरी गेलं आणि तिथलं माणूस रडताना दिसलं, तर आपण तोंड फिरवतो. तू तिथे माइक धरलास. ते चुकून झालं, ठीक. पण नंतर पंधरा दिवस तू त्याच्या घरचा चहा प्यायलीस आणि सांगितलं नाहीस. हे चुकून नाही झालं."

कौमुदी ओशाळली. आईचा हात धरून ती बराच वेळ रडली. दुसऱ्या दिवशी दुपारी तिने ते मिनिट फिल्ममधून काढलं. फिल्म आता चार मिनिटांची झाली, शेवटी एकदम तुटल्यासारखी. तशीच तिने ती पाठवून दिली. सहा जागांतली आपली जागा आपण आपल्या हाताने सोडतोय, हे तिला पुरतं कळत होतं. तरी पाठवल्यावर तिला आधीपेक्षा बरं वाटलं.

सोमवारी ती मकरपुऱ्याला गेली. आत गेली नाही. गजेंद्र शटरपर्यंत आला.

"यात ते मिनिट आहे," तिने पेन ड्राइव्ह पुढे केला. "माझ्याकडचं पुसलंय. हे तुमचंच होतं. मी न विचारता घेतलं... माफ करा."

त्याने तो घेतला आणि एप्रनच्या खिशात टाकला. "ठीक आहे," एवढंच तो म्हणाला. तिने शाळेला काय पाठवलं, हे त्याने विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही.

*

फेब्रुवारी गेला, मार्च गेला. कौमुदीने अकरा लग्नं कापली-जोडली. प्रत्येक लग्नात सप्तपदीच्या आधी क्षणभर जो थोडा शांत तुकडा मिळतो, तिथे तिचा हात थांबायचा. फोन हातात घेऊन ती त्याच्या नावापर्यंत जायची आणि परत यायची. तुटलेली फिल्म पाहूनही शाळेने मुलाखतीला बोलावलं, तो निरोप आला त्या दिवशीसुद्धा तिला आधी त्यालाच सांगावंसं वाटलं. पण कुठल्या तोंडाने सांगणार?

एप्रिलमधल्या एका रविवारी नागरवाड्यात, तिच्या इमारतीच्या जिन्यात गजेंद्र उभा होता. धुतलेला शर्ट, हात स्वच्छ. ग्रीसशिवाय तो तिला ओळखीचाच वाटेना.

"ऐकलं मी ते," त्याने आल्या आल्या सांगितलं. "दोन महिने हिंमत झाली नाही. परवा ऐकलं. मग आईला ऐकवलं. ती म्हणाली, बरं झालं, रडलास तरी एकदाचा. मला वाटायचं, मला रडू येतच नाही. बाबा गेले आणि मी शाफ्ट करत बसलो, असला कसला मुलगा मी. ते मिनिट पुसून टाकणार होतो. नाही पुसलं. ठेवलंय."

कौमुदीच्या डोळ्यांत पाणी तरारलं. तिने मान हलवली.

"पण एक विचारायचंय. तुमच्याकडचं पुसलंत, मग शाळेला काय पाठवलं?"

"उरलेलं."

"ते शेवटचं काढून?"

"हो."

"तुम्हाला अक्कल नाही ने," तो अविश्वासाने म्हणाला. "तेच तर होतं त्यात. मलासुद्धा कळलं. चार वर्षं वाट बघितलीत तुम्ही या शाळेची."

"वाट माझी होती. रडणं तुमचं होतं."

तो खालच्या पायरीवर बसला. थोड्या वेळाने ती दोन पायऱ्या वर बसली. वरून निरुपमाबाईंनी हाक मारली, की जिन्यात काय बसलात, पन्हं केलंय. दोघंही लगेच उठली नाहीत.

"मुलाखत परवा आहे," ती म्हणाली.

"विचारलं त्यांनी, तर सगळं सांग. माझ्याबद्दलही सांग. परवानगी आहे." तुम्हीचं तू कधी झालं, ते त्याच्या लक्षात आलं नाही. तिच्या आलं.

मुलाखतीत तीन प्राध्यापक पडद्यावर होते. त्यांतल्या पिकल्या केसांच्या बाईंनी पहिलाच प्रश्न केला, की ही फिल्म शेवटी कापल्यासारखी का वाटते, तिथे काय होतं? कौमुदीने सगळं सांगितलं. जोडलेल्या हातांपासून चालू केलेल्या लेथपर्यंत. ते मिनिट ऐकायला मिळेल का, असं बाईंनी विचारलं. ते माझ्याकडे नाही, ज्याचं आहे त्याच्याकडे आहे, असं तिने सांगितलं. बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं आणि पुढचा प्रश्न विचारला. पाच आठवड्यांनी पत्र आलं. प्रतीक्षा यादीत पहिलं नाव. जूनच्या शेवटी कुणीतरी जागा सोडली, आणि ती कौमुदीला मिळाली.

*

जुलै ते सप्टेंबर हे दिवस कसे गेले, हे दोघांना विचारलं तर धड सांगता यायचं नाही. रविवारी ती त्याच्या मागे स्कूटीवर बसून सावली गावाच्या रस्त्याला जायची. पावसात भिजलेल्या एरंडाच्या शेतांशी थांबून कणीस खायची. तो तिच्या हातातल्या कणसाला आधी मीठ-लिंबू लावायचा, मग आपल्या. व्हिसा, कपडे, थंडीचे बूट, सगळ्यावर बोलणं व्हायचं. एकाच गोष्टीवर व्हायचं नाही. त्याला वाटे, आता आपण काही बोललो तर तो तिच्या पायात अडसर होईल. तिला वाटे, जाणाऱ्या माणसाने आशा लावून जाऊ नये. दोघंही समंजस, आणि समंजस माणसांची प्रेमं अशीच तोंडात राहतात.

तिकीट मिळालं ते नेमकं पितृपंधरवड्यातलं. निरुपमाबाई कुरकुरल्या, पण शाळेची तारीख पंचांग बघून ठरत नाही. निघायच्या आदल्या दिवशी गजेंद्रचा फोन आला.

"आज बाबांचं श्राद्ध झालं. दुपारी वर्कशॉपमध्ये सगळ्यांनी त्यांच्यासाठी एक मिनिट उभं राहायचं ठरवलंय. चुकून नाही, ठरवून. तू रेकॉर्ड करशील? आईला हवंय."

ती पोचली तेव्हा पत्र्यावर पाऊस वाजत होता. तो थांबेपर्यंत सगळे थांबले. लक्ष्मणरावांच्या फोटोला ताजा हार होता. कौमुदीने काठीला माइक लावला, पितळी बुश फिरवून घट्ट केला, आणि माइक जुन्या लेथपाशी उभा केला. लांब वायर घेऊन ती शटरपाशी आली. हेडफोन कानाला लावून आवाजाची पातळी पार वर नेली, श्वाससुद्धा ऐकू येईल इतकी.

मशीनं थांबली. पंखे थांबले. अंबुकाकांनी टोपी काढली.

पागोळ्यांचं पाणी ठिबकत होतं. शेजारच्या प्रेसचा धप्प... धप्प... गजेंद्र माइकजवळ मान खाली घालून उभा होता. विसाव्या सेकंदाला तिच्या कानात त्याचा आवाज आला, इतका हलका की हाताच्या अंतरावरच्या अंबुकाकांनाही ऐकू गेला नाही.

"आई म्हणते, पंधरवड्यात नवीन काही सुरू करू नये. मी सुरू करत नाहीये. हे जानेवारीपासूनचं आहे... मला तू आवडतेस, कौमुदी. फार. थांब असं म्हणणार नाही मी. जा. पण हे सांगितलं नाही तर खरखर राहील. नखाला लागत राहील जन्मभर."

अजून अर्धं मिनिट बाकी होतं. तिला बोलता येईना, हलता येईना. माइक चालू होता, आणि ते मिनिट आधी लक्ष्मणरावांचं होतं. ती तशीच उभी राहिली. गालावरून पाणी ओघळून हेडफोनच्या वायरवर पडलं, तेही तिने पुसलं नाही.

साठ सेकंद झाले.

"आणखी एक मिनिट हवं," ती म्हणाली.

गजेंद्रचा चेहरा उतरला. "खराब झालं?"

"मध्ये कुणीतरी बोललं."

"कोई नथी बोल्युं, बेन," अंबुकाका दुखावल्या स्वरात म्हणाले. बाकीच्या तिघांनी माना डोलावल्या.

कौमुदी शेड ओलांडून त्याच्यापाशी गेली. आपल्या कानांवरचे हेडफोन काढून तिने त्याच्या कानांवर ठेवले, रेकॉर्डर त्याच्या हातात दिला आणि त्याला हाताने खूण केली, तिकडे, शटरपाशी. तो गेला. ती लेथपाशी उभी राहिली, जिथे तो उभा असायचा तिथे, आणि एक हात त्या गार लोखंडावर ठेवला. पुन्हा सगळ्यांनी हात जोडले. माइकशी ओठ नेऊन ती तशीच हलक्या आवाजात बोलायला लागली.

"तीन वर्षं आहेत. दर उन्हाळ्यात येईन. वाट बघ असं म्हणायचा मला हक्क नाही... तरी म्हणते, बघ. मलाही जानेवारीपासूनच आवडतोस तू. कपाळ आपटलं तेव्हापासून नाही, खोटं कशाला बोलू. त्या पहिल्या मिनिटापासून. आणि एक. ही दोन मिनिटं मी बरोबर नेऊ का? या वेळी विचारतेय."

शटरच्या उजेडात तो उभा होता. त्याने तिच्याकडे बघितलं आणि सावकाश, सगळ्यांना दिसेल अशी मान हलवली. मग मात्र त्याला राहवलं नाही. त्याने कोपराने डोळे पुसले.

अंबुकाकांनी ते पाहिलं. मिनिट संपायची वाट न बघता त्यांनी काळजीने पुन्हा तेच विचारलं, "पाछुं कोण गुजरी गयुं, भई?"

गजेंद्रने हेडफोन गळ्यात उतरवले. "कोई नथी गयुं, काका," तो म्हणाला. "काले एक जण जवानां छे. पण ए पाछां आववानां छे."

"तो ठीक," उद्या जाणारं माणूस परत येणार म्हटल्यावर अंबुकाका म्हणाले आणि त्यांनी टोपी घातली. गजेंद्र आत आला, तिच्या हाताशेजारून हात नेऊन त्याने बाबांचा लेथ चालू केला, आणि रेकॉर्डर बंद करायचं दोघांपैकी कुणालाच सुचलं नाही.